डब्याच्या काठावरची बोटभर जागा

सांगलीच्या एका कारखान्यात लागलेल्या आगीचा अहवाल माझ्या हातचा आहे. 'कामगाराने डब्याला अर्थिंगचा चिमटा लावलेला नव्हता', असं त्यात एक वाक्य आहे. ते खोटं आहे. खोटं आहे हे लिहितानाच मला माहीत होतं. या गोष्टीला बावीस वर्षं झाली.

कारखाना लहानच होता. हळदीतला पिवळा रंग वेगळा काढायचा आणि त्याची भुकटी औषधं करणाऱ्यांना पाठवायची. मी तिथे सुपरवायझर होतो. ही भुकटी धुवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागे. हाताला चोळायच्या सॅनिटायझरमुळे त्याचा वास आता घरोघरी ओळखीचा झाला आहे. दिसायला पाण्यासारखं, हाताला गार लागणारं, त्यामुळे माणूस त्याला भीत नाही. पण त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि बारीकशा ठिणगीनेही पेटते. ती ठिणगी विडीकाडीचीच असायला हवी असं नाही. थंडीत स्वेटर काढताना अंगावर चटचट होते, तशी वीज हा द्रव पिंपातून डब्यात पडतानाही साठू शकते. आमचा पत्र्याचा डबा रबरी चाकांच्या गाड्यावर असायचा, म्हणजे त्या विजेला जमिनीत उतरायला वाटच नाही. ती वाट करून देण्यासाठी भिंतीवरच्या तांब्याच्या पट्टीला एक तार पक्की जोडलेली होती आणि तिच्या दुसऱ्या टोकाला दातेरी चिमटा होता. तो डब्याच्या काठाला लावायचा आणि मगच पंप सुरू करायचा. चिमट्याचे दात उघड्या पत्र्याला भिडले पाहिजेत, मध्ये रंग आला तर वीज अडते, म्हणून प्रत्येक डब्याच्या काठावर बोटभर जागा कानशीने घासून ठेवलेली असे. ती मीच घासून घेतली होती. नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी आधी ती जागा दाखवत असे.

भरणीच्या कामावर आष्ट्याचा एक माणूस होता. तो चिमटा लावला की डाव्या हाताने दोनदा ओढून बघायचा, गोठ्यात बैलाचं दावं ओढून बघतात तसा. मी एकदा हसलो तर म्हणाला, "साहेब, माझी बायको मंगळसूत्र इसरंल, पर मी चिमटा न्हाई इसरायचा."

त्या वर्षी खंडेनवमीच्या पूजेला मालकांचे व्याही येणार होते. दरवर्षी यंत्रं नुसती धुऊन पुसून हळदीकुंकू लावायचो, पण या खेपेला सगळं नवं दिसलं पाहिजे असं मला वाटलं. बाहेरून रंगारी आणला. आष्ट्याचा माणूस नवरात्रासाठी गावी गेला होता. रंगाऱ्याने डब्यांना तांबडा ऑइलपेंट लावता लावता मला विचारलं, "ही काठावरची जागा सोडू का? मुद्दाम घासल्यागत दिसतीया."

"सोडू नको. डाग दिसतो तो," मी म्हणालो. "दोन हात मार."

ती जागा कशासाठी आहे हे त्या कारखान्यात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण त्या क्षणी मला फक्त रंग दिसत होता.

पूजा छान झाली. डब्यांना झेंडूच्या माळा घातल्या. व्याह्यांनी कौतुक केलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आष्ट्याचा माणूस कामावर आला. कोरडी ऑक्टोबरची हवा होती. अकराच्या सुमाराला मी भरणीच्या दारावरून जाता जाता आत पाहिलं. तो तांबड्या डब्यापाशी उभा होता. चिमटा काठावर होता. त्याने तो डाव्या हाताने दोनदा ओढला आणि उजवा हात पंपाच्या बटणाकडे नेला. मी पुढे गेलो. मिनिटभरात मागे भप्पकन आवाज झाला.

मी वळेपर्यंत त्याने पंप बंद केला होता आणि तो पेटलेला गाडा दोन्ही हातांनी बाहेर अंगणात ढकलत होता. आत भरलेली पिंपं होती. त्याने गाडा बाहेर काढला नसता तर काय झालं असतं, हे सांगायला मी राहिलो नसतो. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

आग विझल्यावर मालक आले. गाडा बाहेर ढकलताना हिसक्याने चिमटा सुटला होता, तो जमिनीवर पडला होता. डब्याचा रंग जळून काळा झाला होता, काठावरचाही. मालक चिमट्याकडे बघून म्हणाले, "हा लावलाच नव्हता वाटतं."

लावला होता, मी पाहिला, एवढंच मला म्हणायचं होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की चिमटा लावूनही ठिणगी कशी पडली? त्याचं उत्तर तांबडं होतं. मी म्हणालो, "हो. राहिला असावा."

दवाखान्यात त्याने मला विचारलं, "साहेब, मी लावला हुता न्हवं?"

"गडबडीत राहतं कधी कधी," मी म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला. "राहिला असंल मग."

अहवालापेक्षाही माझं हे वाक्य वाईट होतं. अहवालाने त्याची नोकरी नेली. या वाक्याने त्याचा स्वतःवरचा विश्वास नेला, हे मला फार उशिरा कळलं.

निवृत्तीनंतर मी साताऱ्याला मुलाकडे राहायला आलो. गेल्या हिवाळ्यात डोळे दाखवायला सांगलीला गेलो होतो. तिथे कारखान्याच्या ऑफिसातला एक जुना सहकारी भेटला. निघताना माझी पिशवी बाकावरच राहिली, तर तो हसून ओरडला, "अहो, आष्टेवाले! पिशवी!" मला आधी समजलंच नाही. मग त्याने सांगितलं, माझ्यासमोर कुणी बोलत नसे, पण कारखान्यात अजूनही कुणी काही विसरलं की असंच म्हणतात. आताच्या पोरांना तर हा आष्टेवाला कोण, हेही माहीत नाही.

आठ दिवसांनी मी सांगलीच्या एसटीत बसलो आणि आष्ट्याला उतरलो.

तो घराच्या पुढच्या सोप्यात बसला होता. हातांची कातडी ओढलेली, बोटं नीट मिटत नव्हती. त्याने मला ओळखलं आणि उठून खुर्ची दिली. बायको सुपात तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "पान्याच्या मोटरचं बटन बंद केलं का?"

"केलं."

"परत बघून या."

तो निमूटपणे जाऊन बघून आला. ती मला म्हणाली, "ह्यास्नी गॅसला हात लावू देत न्हाई बगा मी. कारखाना पेटवल्यालं मानूस ह्ये!" ती हसली. तोही हसला. रोजची थट्टा असावी. मला मात्र आणखी गप्प राहवेना. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. रंगारी, काठावरची जागा, दारातून पाहिलेलं, मालकांना दिलेलं उत्तर.

सुपाचा आवाज थांबला. तो रागावेल, हाकलून देईल, याची मी मनाची तयारी करून गेलो होतो. त्याने विचारलं, "कंच्या हातानं वढला मी?"

"डाव्या."

"किती येळा?"

"दोनदा."

त्याने डावा हात वर केला. न मिटणारी बोटं जवळ आणायचा प्रयत्न केला आणि हवेतच दोनदा ओढून पाहिलं. "व्हय," तो म्हणाला. "दोनदाच. मला रोज आटवायचं, साहेब. मग मीच म्हनायचो, मन खोटं बोलतंय आपलं."

बायको माझ्याकडे बघत होती. "आवं, मग इतकी वर्सं तुमी काय करत हुता?"

मी मान खाली घातली. तिने चहाचं विचारलं नाही, आणि तेच बरोबर होतं.

थोड्या वेळाने तो सवयीने उठला आणि मोटरीकडे निघाला. ती म्हणाली, "बसा. बंद केलंय तुमी."

तो बसला. मग मला म्हणाला, "तोंडानं सांगितलंसा, त्ये हिला कळलं. आता लिवून द्या. आपल्या कारखान्यातल्या मानसांनी वाचलं पायजे."

मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. ते विचारायचा मला अधिकार नव्हता. त्याने जे मागितलं ते देतो आहे.

त्या दिवशी चिमटा लावलेला होता. दोनदा ओढून पाहिलेला होता. काठावरची जागा रंगवायला मी सांगितलं होतं. आष्ट्याचा माणूस काहीही विसरला नव्हता.