कापसाच्या ढिगावरची कविता

आमच्या धुळ्याकडच्या गावात मनासारखा भाव मिळेपर्यंत कापूस घरातच राहतो. पुढच्या खोलीत खिडकीपर्यंत ढीग, आणि माणसं कोपऱ्यात. पाहुण्यांनासुद्धा एवढा मान नाही. पोरांची मात्र चंगळ. माझी चौथीतली लेक शाळेतून आली की ढिगावर गोधडी टाकायची, पालथी पडायची आणि पाय हलवत अभ्यास करायची.

त्या दुपारी तिच्या बाईंनी दोन ओळींची कविता दिली होती:

वारा पडला म्हणून बसू नकोस,
सूप उचल, वारा तूच घाल.

या कवितेतून काय शिकलात, असा प्रश्न. मी स्वतः शाळेत मराठी शिकवते. दारात बसून मेथी निवडता निवडता उत्तर सांगून टाकलं, "वाट बघत बसू नये. लगेच कृती करावी." ती लिहू लागली आणि तिच्या पायांमागचा कापूस हलला.

गव्हाळ रंगाचा साप. तिच्या टाचेपासून वीतभर.

मी मेथी खाली टाकली. उठून उभी राहिले, पण पुढे जाता येईना. माझं बालपण अशाच घरात गेलंय. ढिगावर पाय ठेवला की कापूस धसतो आणि वरचं सगळं घसरत येतं. मी धावले असते तर लेक आणि साप एकत्रच गडगडले असते.

"पाय अजिबात हलवू नकोस," मी म्हटलं. "ती कविता वाच, मोठ्याने."

ती माझ्याकडे बघत वाचू लागली. बसू नकोस. सूप उचल. तेवढ्यात सासरे काठी घेऊन मागे आले. "बाजूले सरक. एक फटकामा मारसू."

मी त्यांचं मनगट धरलं. सासऱ्यांना असं धरायची हिंमत मला जन्मात झाली नव्हती. "आबा, थांबा."

"परत वाच," मी लेकीला म्हटलं. या खेपेला तिचा आवाज बारीक झाला होता. त्या दोन ओळी मला शिव्यांसारख्या लागत होत्या.

शेवटी साप खिडकीकडे वळला आणि शेपटी कापसात दिसेनाशी झाली. तेव्हा मी गोधडीचं लोंबणारं टोक दोन्ही हातांनी धरून ओढलं. लेक, पुस्तक, कापूस, सगळं माझ्या अंगावर आलं.

धुळ्याहून सर्पमित्र आला. ढीग उपसून त्याने नाग काढला. लेक माझ्या मांडीवरून उठायला तयार नव्हती.

"आई, तू लगेच का नाही आलीस?"

थांबणं हीसुद्धा कृतीच असते, हे वर्गात सांगायला सोपं आहे. पण मी विचार करून थांबले की माझे पायच उचलले नाहीत, हे मला आजही ठरवता येत नाही. म्हणून खरं तेवढंच सांगितलं, "मला फार भीती वाटली गं."

"माहितीये," ती म्हणाली. "तुझं तोंड बघूनच मी पाय हलवले नाहीत."