एकशे बारा नंबरचं गीत

आत्याचे पाय कधी स्वस्थ बसत नाहीत. दिवसभर दुकानात शिलाई मशीनचं पायडल, रविवारी प्रार्थनामंदिरात पायपेटीचं. जेवायला बसली तरी टेबलाखाली टाचा वर-खाली होत असतात. "हिला झोपेतसुद्धा कुठेतरी पोचायचं असतं," असं तिचा भाऊ म्हणायचा. ती कुठेच गेली नाही. चाळीस वर्षं एकच दुकान, एकच पेटी, आणि त्या पेटीच्या भात्याला पडलेली एक जुनी चीर.

त्या चिरेतून हवा गळायची. एकशे बारा नंबरच्या गीतात दुसरी ओळ संपली की भाता रिकामा होई. आत्या दोनदा जोरात पाय मारून तो भरी, आणि मंडळी तेवढा वेळ थांबे. म्हातारे तिथे खाकरत, आया पोरांना सरळ बसवत. ते थांबणं गीतांच्या पुस्तकात नाही, हे हळूहळू सगळेच विसरले. आत्यासुद्धा.

मागची बाकं मात्र ओस पडत चालली होती. पाळकसाहेब एकदा तिला म्हणाले, "बाई, तरुण मंडळी या संथ गीतांना कंटाळतात. पुढच्या महिन्यापासून पडद्यावर शब्द दाखवून नवी भक्तिगाणीच घेऊ."

आत्याने एक रविवार मागून घेतला. मंडळी मन लावून गायली तर जुनी गीतं राहणार. नाही तर पुस्तकं कपाटात.

तिची भाची बेस गिटार वाजवायची. भाचीचा मित्र दिवसा प्लंबर, संध्याकाळी ड्रमवाला. कापडाचे गठ्ठे बाजूला सारून दुकानातच सराव सुरू झाला. भाचीने आत्यापुढे कीबोर्ड ठेवला.

"यात हवा भरावी लागत नाही, आत्या."

"मग हा जगतो कशावर?"

"विजेवर. तुझ्यासारखा चहावर नाही."

पुस्तकातल्या स्वरांबरहुकूम एकशे बारा नंबर बसवला. चाल तीच, ठेका नाचरा. बरणीतली बटणं थरथरली. आत्या खुदकन हसली. "माझ्या आईने हे ऐकलं असतं तर आधी कान उपटले असते, मग ताल धरला असता."

रविवारी पहिलं कडवं साफ कोसळलं. दुसऱ्या ओळीनंतर मंडळी सवयीने थांबली आणि वाद्यं पुढे निघून गेली. मग अर्धी मंडळी तिसऱ्या ओळीत, अर्धी चौथीत. पुढच्या बाकावरचे निवृत्त पोस्टमनकाका कडाडले, "अरे, श्वास तरी घेऊ द्या!" पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले. ती प्रार्थना नव्हती.

आत्याला वाटलं, संपलं. आपल्याच हातांनी गीतं कपाटातल्या अंधारात लोटली. तरी तिने दुसरं कडवं सुरू केलं, कारण मध्येच उठून जाणं तिला येत नव्हतं.

प्लंबर तिच्या शेजारीच ड्रमवर बसला होता. त्याला कीबोर्डखाली तिचे पाय दिसत होते. तिथे नुसती फरशी, पण पाय इमानेइतबारे भाता मारत होते. दुसरी ओळ संपताच टाचा जोरात आपटल्या. एकदा, दोनदा. मंडळी पुन्हा नेमकी तिथेच अडखळली. गळती शोधणं हा तर त्याचा धंदाच.

तिसऱ्या कडव्याला त्याने ओळ संपताना काठी उंचावून दोघींना थांबवलं. सगळं गप्प झालं. पायाच्या ड्रमवर दोनच ठोके पडले. धम्. धम्.

मंडळीने एकदम श्वास घेतला, आणि तिसरी ओळ छपराला जाऊन भिडली.

चौथ्या कडव्याला पोस्टमनकाका त्या दोन ठोक्यांवर हातातली काठी आपटू लागले. लवकर सटकता यावं म्हणून दाराशी बसलेली तरुण पोरं बूट आपटू लागली. पाचवं कडवं नव्हतंच. कोणी न सांगता मंडळीने पहिलं पुन्हा घेतलं. आत्या रडत होती की हसत होती, सांगता येत नाही. बोटं मात्र एकदाही चुकली नाहीत.

"पुस्तकात तर तिथे थांबायचं नाहीये," भाची नंतर म्हणाली. "हे आलं कुठून?"

आत्या गोरीमोरी झाली. "पेटीचा भाता फाटलाय. चाळीस वर्षं झाली."

"दहा मिनिटांत बुजवतो," प्लंबर उठला.

पोस्टमनकाकांनी काठी आडवी धरली. "हात तर लावून बघ!"

पाळकसाहेब पडदा गुंडाळून ठेवत होते. "बाई," त्यांनी तिथूनच विचारलं, "पुढच्या रविवारी कोणता नंबर?"

आत्या पुस्तकावर वाकली होती. दुसऱ्या ओळीपुढे ती पेन्सिलीने दोन ठळक टिंबं काढत होती.