नागाईबाईंची चौथी कादंबरी

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात, युनिव्हर्सिटी लायब्ररीच्या बाइंडिंग खात्यात माझ्या शेजारच्या टेबलावर फुमिए नागाई काम करायच्या. मी त्यांना नागाईबाई म्हणायचो. नवरा इथे संशोधनाला आला आणि इथेच वारला. बाई परत गेल्या नाहीत. फर्मे, म्हणजे पुस्तकाच्या घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवायला त्या माझ्याकडे शिकल्या आणि वर्षभरात माझ्याइतकं शिवू लागल्या. दोरा ओढताना हात कधी घाईला आला नाही.

सकाळी कामावर यायच्या आधी त्या कादंबऱ्या लिहीत. जपानीत, भुताखेतांच्या. चौकटी आखलेला कागद. एक अक्षर चुकलं तरी पान फाडून पुन्हा पहिल्यापासून. तोक्योचा एक प्रकाशक छापायचा. तीन छापून झाल्या, फारशा खपल्या नाहीत. मला त्या भाषेतलं अक्षर कळत नाही, पण फाडलेली पानं मी पाहिली आहेत.

मुलगा तोरू. कॉलेज सोडायच्या गोष्टीवरून भांडण झालं आणि तो कॅलिफोर्नियाला निघून गेला. पत्र नाही, फोन नाही. बाईंना एवढंच हवं होतं, त्याने एकदा बोलावं.

१९८२ साली त्या आमच्याकडे जेवायला आल्या. भिंतीवर माझ्या आईचा फोटो, त्याला चंदनाचा हार. "हे काय?" त्यांनी विचारलं. माझी बायको सुमित्रा हिचं इंग्रजी बेताचं. ती म्हणाली, "रिस्पेक्ट. लव्ह." हार त्यांना आवडला. पुण्याहून आणलेला एक जास्तीचा घरात होता, तो सुमित्राने त्यांना देऊन टाकला.

महिन्याभराने सुमित्रा आणि शेजारच्या पद्मिनीवहिनी त्यांच्या घरी गेल्या. दिवाणखान्यात तोरूचा फोटो आणि त्याला तो हार. सुमित्रा बाईंचे हात धरून रडायला लागली. बाईंना वाटलं, मुलगा घर सोडून गेल्याचं हिला वाईट वाटतंय. मग गावातली चार मराठी घरं पाळीपाळीने त्यांच्याकडे डबा पोचवू लागली. बाई खात होत्या, डबे घासून परत करत होत्या.

पीएचडी करणारा अतुल लायब्ररीत भेटला तेव्हा म्हणाला, "मावशी, तोरूचं कळलं. काय आजार होता हो?"

बाई माझ्या टेबलाशी आल्या. "कसला आजार?"

आमच्यात कोणाच्या फोटोला हार घालतात ते मी सांगितलं. त्यांनी सुई खाली ठेवली.

"म्हणजे तुम्ही सगळे त्याला मेलेला समजत होतात?"

"आता नाही समजणार."

"पण समजत होतात. आणि मी जेवत होते."

सुमित्रा माफी मागायला गेली तर म्हणाल्या, "आमटी चांगली होती. तिखट जरा कमी करा."

चौथी कादंबरी त्यावरच निघाली. एका बाईचा मुलगा बेपत्ता आहे. शेजारी येऊन त्याचं दुःख करतात, रोज थोडं जास्त, आणि घरातल्या त्याच्या वस्तू एकेक करून ओल्या होत जातात. तो जिवंत आहे की नाही हे शेवटपर्यंत सांगायचं नाही. तीन वर्षं लागली. ही खपली. तोक्योच्या एका कंपनीने सिनेमासाठी मागितली. बाईंनी एकच अट घातली, मुलगा मेलेला दाखवायचा नाही. कंपनीवाले हो म्हणाले.

१९८७ च्या वसंतात युनिव्हर्सिटीच्या फिल्म क्लबने तो सिनेमा आणला. मी, सुमित्रा आणि बाई एका रांगेत बसलो. शेवटी आई दार उघडते. दारात मुलगा उभा, अंगातून पाणी गळतंय, डोळे पांढरे. पोरं किंचाळली, मग टाळ्या.

बाहेर सुमित्रा म्हणाली, "असं कसं केलं त्यांनी? कबूल केलं होतं ना?"

"लोक भूत बघायला येतात," बाई म्हणाल्या. कोटाची बटणं लावत होत्या.

त्याच वसंतात खात्यातला फोन वाजला. बाईंसाठी होता. जपानीत बोलणं झालं, त्या फारसं बोलल्याच नाहीत. फोन ठेवून टेबलावर आल्या.

"तोरू," म्हणाल्या. "त्याने सिनेमा पाहिला."

मी हातातलं पुस्तक दाबयंत्रात घातलं.

"म्हणाला, शेवट बरा आहे. तसंच समज. मलाही सोपं जाईल."

"तुम्ही काय म्हणालात?"

"जेवतोस ना, विचारलं. हो म्हणाला."

"कुठे आहे?"

"ते विचारायचं राहिलं."

त्यांनी दोऱ्याला मेण लावलं. जुन्या भूगर्भशास्त्राच्या मासिकांचा गठ्ठा पुढ्यात होता, तो सुट्टी व्हायच्या आत शिवून संपवला. मी नेहमीसारखे टाके तपासले. एकही सैल नव्हता.

प्रकाशक पाचवी मागत राहिला. त्या कामावर जरा लवकर, लिहायच्या वेळेतच, येऊ लागल्या.