दुसऱ्याच्या श्वासावर फिट

“जुओ भाई, बघा, हे दुखणं आजचं नाही.” वापीच्या रुग्णालयातले छातीचे डॉक्टर माझी एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरून म्हणाले. “दोन-तीन वर्षं तरी आत चाललंय. तुम्ही फायरमन ना? दरवर्षी फुंकायची टेस्ट होते ना तुमची? त्यात काही आलं नाही?”

मी ऐटीत सांगितलं, “नाही साहेब. दरवर्षी पास.”

शेजारी माझा मेव्हणा सुनील उभा होता. तोही माझ्याच पथकात फायरमन, आणि त्यानेच मला मोटरसायकलवर बसवून आणलं होतं.  तो म्हणाला, “साहेब, गेली दोन वर्षं भाऊजींच्या नावाने मीच फुंकलंय.”

आजाराचं नाव आणि ही गोष्ट, दोन्ही मला एकाच खोलीत कळली. जास्त काय लागलं विचाराल, तर दुसरं.

आजाराचं नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस. एका दमात म्हणता येत नाही, निदान मला तरी. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. ओल्या, कुजक्या गवतावर बुरशी धरते. तिची धूळ छातीत गेली की काहींची फुप्फुसं सुजतात. लवकर कळलं आणि माणूस धुळीपासून लांब गेला, तर सूज बहुतेक वेळा उतरते. उशीर झाला तर फायब्रोसिस होतो, म्हणजे फुप्फुसावर चट्टे पडतात, ते कडक होतं आणि फुलत नाही. चट्टे जात नाहीत.

माझं घर कैनाडला, नोकरी उधव्याकडच्या एका कारखान्याच्या अग्निशमन पथकात, कंत्राटावर. आमच्या भागात गवताचा धंदा जुना. वखारीत दाबून बांधलेल्या गाठी छतापर्यंत रचलेल्या असतात. वखार पेटली आणि बंबाची मोठी गाडी लांब असली, की आमच्या गाडीला बोलावणं यायचं. वरची आग लवकर विझते, पण गवत आत धुमसत राहतं. मग एकेक गाठ ओढून, फोडून, पसरून पाणी मारायचं. कारखान्यातल्या आगीला आम्ही पाठीला हवेचं सिलिंडर लावून जायचो. गवताला कोण लावतो? तोंडाला रुमाल बांधायचा आणि भिडायचं.

अशाच एका वखारीनंतर संध्याकाळी कणकण आली, दोन दिवसांत गेली. पुढच्या वखारीनंतर पुन्हा आली. मग कोरडा खोकला चिकटला. शिडी चढताना मध्येच थांबावं लागायला लागलं. माझी बायको रेखा रोज सकाळी अडुळशाचा काढा द्यायची. मी दुखणं अंगावर काढलं, कारण दरवर्षीच्या तपासणीत मी फिट होतो ना!

ती तपासणी कशी असते तेही सांगतो. धावायचं, दोर चढायचा, एक माणूस खांद्यावर घेऊन मैदान पार करायचं. छाती फुगवून पाच सेंटिमीटर वाढली पाहिजे. शेवटी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोर लावून फुंकायचं, मशीन छातीत हवा किती मावते ते सांगतं. बाकी सगळं मी दात-ओठ खाऊन पार पाडलं. नळी तोंडात धरली की मात्र खोकल्याची उबळ यायची. टेक्निशियन म्हणायचा, बाहेर बसा, पाणी प्या. थोड्या वेळाने आमचे साहेब बाहेर यायचे आणि पाठीवर थाप मारून सांगायचे, “झालं तुझं. पास!” मला वाटायचं, पहिलंच फुंकणं धरलं असेल. पास झालेला माणूस शंका घेत नाही.

आत साहेबांच्या संमतीने सुनील फुंकत होता. नापास म्हणजे गाडीवरून खाली, आणि कंत्राटी माणूस गाडीवरून उतरला की घरीच. “साधा दमा असेल, उतरेल, असं वाटलं आम्हाला,” सुनील म्हणाला. म्हणजे माझ्या छातीचं निदान या दोघांनी मैदानाच्या कडेला उभं राहून केलं होतं.

पुढचे दिवस तपासण्यांचे. एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचे बारीक काप दाखवणारा स्कॅन. ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे नाकातून फुप्फुसात दुर्बीण घालणं. आपला नंबर येईपर्यंत बाकावर बसून दुसऱ्यांचे खोकले मोजायचे. रेखा डबा घेऊन आली, तेव्हा मी तिला सुनीलचा प्रताप सांगितला. ती भावावर भडकेल असं वाटलं होतं.

ती डब्याचं झाकण काढत म्हणाली, “मला माहीत होतं. त्यानेच सांगितलेलं मागच्या वर्षी. तुम्हाला गाडीवरून उतरवलं असतं तर तुम्ही खचला असता. घरात कसे वागला असता ते मला ठाऊक आहे ना!”

मी जेवलो नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. वैऱ्याने केलं असतं तर गचांडी धरली असती. इथे आपलेच दात, आपलेच ओठ. आणि रोजचा तो काढा! तिला माहीत होतं आणि ती काढा देत होती.

स्टेरॉइड सुरू झाली. सूज उतरवणारी औषधं, पण माझा चेहरा भोपळ्यासारखा सुजला आणि साखर वाढली. काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, “सूज उतरली. चट्टे राहणार. आता गवताच्या धुळीत पाय टाकायचा नाही.” मी विचारलं, दोन वर्षं आधी आलो असतो तर?  “कदाचित पूर्ण बरे झाला असता,” ते म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

लोक म्हणतात, सुनील-रेखाने प्रेमापोटी केलं, माफ कर. रुग्णालयात रात्रंदिवस माझ्याजवळ बसले तेही हेच दोघं, हे मी विसरलेलो नाही. त्याचे उपकार मानतो. जे लपवलं त्याची माफी अजून जमत नाही. पण हे वाचणाऱ्या फायरमनना आणि त्यांच्या घरच्यांना हात जोडून सांगतो, आपल्या माणसाला नापास होऊ द्या. नोकरी गेली तर दुसरी बघता येते.

२०१९ च्या तपासणीला साहेबांनी निरोप धाडला, “तू येऊ नकोस, मी बघतो.” मी गेलो. थांबत, खोकत तीनदा फुंकलं आणि निकाल सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावला. नापास. सुनील रांगेत मागे उभा होता, त्याच्याकडे मी बघितलं नाही.

घरी येऊन रेखाला सांगितलं. तिने पदराने डोळे पुसले.

“बरं झालं,” ती म्हणाली.

हे दोन शब्द तिने मागेच म्हणायला हवे होते, तेव्हा माझी छाती बरी होण्यासारखी होती.