आधी, का नंतर?

आमच्या गल्लीत कुणी सिस्टरबाईंना नुसतं "चहा झाला" असं सांगितलं, तरी त्यांचा प्रश्न ठरलेला असे, "गोळीच्या आधी का नंतर?" मग समोरच्याला गोळी चालू असो वा नसो. पोरगं पडलं आणि रडलं म्हटलं, तर "पडायच्या आधी रडत होतं का नंतर?" माझी आई म्हणायची, "या बाईला न्यायला यम आला तर त्यालाही विचारील, जेवणाआधी नेतोस का जेवणानंतर?" असं म्हणणारी माझी आईच थोड्या वेळाने गोळ्यांची पट्टी घेऊन त्यांच्या दारात उभी राहायची.

सिस्टरबाई मूळच्या पुणतांब्याच्या. नेवाशाला दवाखान्यात नर्स होत्या आणि आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत. भिंतीवर बुद्धाची एक शांत तसबीर होती आणि तिच्याखाली ही बाई सदा घाबरलेली. नोकरी नर्सची, जोडधंदा काळजीचा. घराला कुलूप लावून निघाल्या की बोळाच्या तोंडापासून परत यायच्या, कुलूप ओढून बघायच्या, पुन्हा निघायच्या. एकदा शनिशिंगणापूरला एका ओळखीच्या घरी राहायला म्हणून गेल्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत आल्या. म्हणाल्या, "दारच नाही त्या घराला. बाहेर पडताना माणसानं ओढून बघायचं तरी काय?"

या काळजीला कारण होतं, ते त्यांनी एकदा आईला सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला एकाच खोलीत दोन शांताबाई होत्या. एकीचं इंजेक्शन दुसरीच्या दंडापर्यंत पोचलं होतं, तेवढ्यात ती म्हणाली, "मला काल दिलं की ओ." तेव्हापासून सिस्टरबाई सुई हातात घेऊन आधी नाव विचारत, आणि पेशंट स्वतःच्या तोंडाने सांगेपर्यंत हलत नसत. पेशंट रोजचा असला तरी. "विचारणं सोपं असतं," त्या म्हणायच्या, "उत्तर येईस्तोवर थांबणं अवघड."

आता आमच्या पत्त्यांच्या खेळाकडे येते. त्या वर्षांत च्युइंगमच्या पाकिटातून परदेशी पैलवानांचे पत्ते निघायचे. वर फोटो, खाली वजन, उंची, छाती, दंड. गल्लीतली सगळी पोरं ते जमवायची आणि मीही. दोघांनी आपापला पत्ता पालथा ठेवायचा, मग उघडायचा. ज्याचा पैलवान वजनाने भारी, त्याला दोन्ही पत्ते, आणि ते कायमचे. सोनेरी काठाचा पत्ता ज्याच्याजवळ असेल, त्याला खेळात एकदा 'सुपर' म्हणता येई. म्हटलं की समोरचा पैलवान कितीही भारी असो, तो आपला. फक्त हे 'सुपर' कधी म्हणायचं, ते पाकिटावर कुठेच छापलेलं नव्हतं. पत्ता दिसण्याआधी म्हटलं तर तो जुगार. दिसल्यावर म्हटलं तर सरळ दरोडा. जो तो आपल्या सोयीने म्हणायचा आणि मग हाणामारी व्हायची.

अशाच एका हाणामारीत गल्लीतला दत्तू ओट्यावरून खाली पडला आणि त्याचं कपाळ फुटलं. टाके घालताना सिस्टरबाईंचा हात जराही हलला नाही. काम संपल्यावर मात्र त्या मटकन खुर्चीत बसल्या आणि त्यांनी कारण विचारलं. 'सुपर'वरून, असं कळल्यावर पुढचा प्रश्न अर्थातच आला, "आधी म्हणाला का नंतर?"

"त्येच तर कुनाला म्हाईत न्हाई," दत्तू कण्हत म्हणाला.

दत्तूचे वडील अण्णा तापट. उसाच्या शेतातून तसेच चिखलाच्या पायांनी आले होते. गल्लीतल्या सगळ्या पोरांचे पत्ते गोळा करून बंबात घालतो, म्हणाले, आणि बाकीच्या आईबापांनी माना डोलावल्या. आम्ही पत्ते पाठीमागे लपवले. तेवढ्यात सिस्टरबाई बोलून गेल्या, "रविवारपर्यंत थांबा अण्णा. मी नियम घालून देते. पुन्हा भांडण झालं तर मी जबाबदार."

"तुमी जबाबदार?"

"हो," असं म्हणाल्या खऱ्या, पण चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांना त्याच क्षणी पस्तावा झाला होता. अण्णांना दिलेला शब्द म्हणजे गल्लीला दिलेला शब्द. बाहेरगावची, एकटी राहणारी बाई. शब्द मोडला असता तर पोरांचे पत्ते गेले असतेच, वर त्यांना गल्लीत मान वर करून चालता आलं नसतं.

तो आठवडा त्यांनी जेवणावरची वासना गेल्यासारखा काढला. दवाखान्यातून आल्या की आम्हाला ओसरीवर बसवून खेळायला लावायच्या आणि बघत राहायच्या. पहिला नियम केला, पत्त्याला हात लावायच्या आधी 'सुपर' म्हणायचं. पोरं हात पत्त्यावर अधांतरी धरून समोरच्याचा पत्ता उघडायची वाट बघायला लागली. मग ठरलं, त्यांनी टाळी वाजवली की दोघांनी एकदम उघडायचं. तर एका पठ्ठ्याने टाळीआधी "सु" म्हणून ठेवलं आणि पत्ता बघून "पर" जोडलं. सिस्टरबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अर्धं आधी, अर्धं नंतर. अरे, हे कुठलं औषध?"

शेवटी त्यांना त्यांची सुईच आठवली. पत्ता पालथा ठेवायचा, हात मागे घ्यायचा आणि समोरच्याला विचारायचं, "काही म्हणायचंय?" त्याने 'सुपर' किंवा 'नाही' असं तोंडाने सांगायचं. मगच उघडायचं. दोन दिवस एकही भांडण झालं नाही. तरी त्या मला पुन्हा पुन्हा विचारायच्या, "मने, काही राहिलं नाही ना गं?"

रविवारी अण्णांच्या अंगणात दत्तूचा आणि माझा खेळ लागला. सोनेरी काठाचा पत्ता माझ्याकडे होता. अण्णांनी मुद्दाम बंब पेटवून ठेवला होता. घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी कधीच झाल्या होत्या. सिस्टरबाई पायरीवर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. बरेच हात सुरळीत गेले. मग दत्तूने एक पत्ता पालथा ठेवला आणि विचारलं, "काई म्हनायचंय?"

मी विचारात पडले. आता 'सुपर' म्हणावं का पुढच्या वेळी? माझा विचार चालला होता आणि दत्तूचा धीर सुटला. त्याने पत्ता उघडला. सगळ्यांत वजनदार पैलवान, आम्ही त्याला रणगाडा म्हणायचो.

"मी उत्तर दिलंच नव्हतं!" मी ओरडले.

"इचारलं हुतं की! किती येळ थांबू?" त्याचा हात आपोआप कपाळावरच्या पट्टीकडे गेला.

"झालं, सुरू झालं!" अण्णा उठले. "आना ते पत्ते हिकडं."

सिस्टरबाई उभ्या राहिल्या. घाबरल्या की त्यांच्या तोंडी पुणतांब्याची बोली यायची. "थांबा अण्णा. पोरांचं न्हाई चुकलं. इचारा म्हनून मी सांगितलं, पन किती थांबायचं त्ये सांगायचं राहिलं. चूक माझी हाय. दत्तू, पालथा कर पत्ता. पुन्हा इचार. उत्तर आल्याबिगर उघडायचाच न्हाई."

दत्तूने पत्ता पालथा केला आणि त्याचा आवाज चिरकला, "पन आता हिनं बघितलाय की! ही सुपरच म्हननार!"

त्याचं खरंच होतं. या प्रश्नाला सिस्टरबाईंकडे नियम नव्हता. टाके घालताना न हललेला त्यांचा हात आता थरथरत होता आणि तो लपवायला त्यांनी पदर घट्ट धरला होता. अण्णा बंबाजवळ पोचले होते. मला रडू येईल असं वाटलं, पत्त्यांसाठी नाही, त्या हातासाठी.

"विचार दत्तू," मी म्हणाले.

"काई म्हनायचंय?" या वेळी तो खरंच थांबला.

"नाही."

माझा पत्ता रणगाड्यापुढे गेला. मोठेपणा वगैरे काही नव्हता त्यात. मला तो हात बघवत नव्हता, इतकंच. अण्णांनी बंबाकडे बघितलं आणि त्याच्या नळाखाली बादली लावली. "तापलंच हाय पानी तर पुन्यांदा आंगुळ करतो," म्हणाले.

परत जाताना सिस्टरबाईंनी मला बोळात गाठलं. "मने, 'नाही' म्हणायचं तू पत्ता बघायच्या आधी ठरवलं होतंस का नंतर?"

"नंतर."

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "नंतर ठरवणं लई अवघड असतं गं," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या वर्षी पैलवानांचे पत्ते बंद झाले आणि पोरं दुसऱ्या खेळाला लागली. मला मात्र विचारून थांबायची खोड लागली ती लागलीच. घरचे चिडवतात, की भाजीत मीठ घालतानाही ही उत्तराची वाट बघते.

त्याच सुमाराला सिस्टरबाईंच्या बदलीची ऑर्डर आली. स्टँडवर आई, मी, दत्तू, चक्क अण्णाही आले होते. सिस्टरबाईंची ट्रंक अण्णांनीच टपावर चढवली. सिस्टरबाई खिडकीशी बसल्या. कुलूप ओढून बघितलं का, हे त्यांनी आईला पुन्हा विचारलं, आणि आता ते घर त्यांचं नाही हे आईने पुन्हा सांगितलं. मी खिडकीखाली मान खाली घालून उभी होते.

"मने," त्या वाकून म्हणाल्या, "काही म्हणायचंय?"

कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला. "थांबा ओ," सिस्टरबाई त्याच्यावर ओरडल्या, "पोरीचं उत्तर यायचंय!" अख्खी गाडी खोळंबली. लोक माना वळवून माझ्याकडे बघू लागले. जाऊ नका, असं म्हणायचं होतं. तुम्ही गेल्यावर आम्हाला कोण विचारणार, असं म्हणायचं होतं. पण बाहेर पडला तो एकच शब्द.

"नाही."

त्यांनी समाधानाने मान हलवली आणि कंडक्टरला म्हणाल्या, "आता सोडा." विचारलं होतं, थांबल्या होत्या, उत्तर आलं होतं, त्यांच्या बाजूने सगळं नियमाप्रमाणे झालं. उत्तर खोटं असलं तर काय करायचं, तेवढं सांगायचं मात्र त्यांच्याकडून राहिलं.