पुष्पलतेचा संशय

एकनाथने दारू सोडली तेव्हा दांडी गावात कोणाचा विश्वास बसला नव्हता. त्याला आता बारा वर्षं झाली. त्याची बायको पुष्पलता बोंबील वाळत घालताना बायकांना ठसक्यात सांगायची, "आमच्या घरात बाटली येत नाय."

दिवाळीनंतर एकनाथला जेवण जाईना. उजव्या बरगडीखाली सारखं दुखायचं, सदरा अंगावर लोंबायला लागला. बोईसरला सोनोग्राफी केली, तर यकृतात मोठी गाठ दिसली. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दारू घेता?"

"सोडली. बारा वर्षं झाली."

 सोबत गेलेल्या पुष्पलतेने घरी येताच त्याची बोटीवर न्यायची पिशवी उलटी केली. तंबाखू निघाली, जाळं शिवायचा दोरा निघाला, बाटली काही निघाली नाही. तरी तिचं मन मानेना. चार-चार दिवस समुद्रात हे काय करतात, कोण बघायला जातं? आठ दिवस तिने ताट वाढलं, पण त्याच्याशी बोलली नाही. एकनाथही दाराकडे तोंड करून जेवायचा.

शेवटी पालघरला दिलेली मुलगी हेमांगी आली आणि दोघांना सीटी स्कॅनला घेऊन गेली. शिरेतून औषध सोडून थोड्या थोड्या वेळाने यकृताचे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी रेडिओलॉजिस्ट बाईंनी तिघांना कॉम्प्युटरसमोर बसवलं.

"आधी गाठीची नुसती कड उजळली, बघा. मग मधला भाग हळूहळू भरत गेला. शेजारच्या पित्ताच्या नळ्याही फुगल्यात. यकृतातल्या या नळ्यांचा कॅन्सर पुष्कळदा असा दिसतो. पण सुईने तुकडा काढून तपासल्याशिवाय नक्की म्हणता येणार नाही."

हेमांगी रडायला लागली. पुष्पलतेने मात्र भलतंच विचारलं, "दारूनंच झालं ना, बाई?"

"दारूने यकृत खराब झाल्याच्या खुणा मला यात दिसत नाहीत. या आजाराचं कारण बऱ्याचदा सापडतच नाही."

बाहेर बाकड्यावर बसल्यावर पुष्पलतेच्या तोंडून कसंबसं निघालं, "एवढे दिस बोलला का नाय तुमी?"

"तू पिशवी उलटी केलीस. मग बोलून काय करू?"

तुकड्याच्या तपासणीत कॅन्सरच निघाला. एमआरआयमध्ये यकृताच्या डाव्या भागातही बारीक गाठी दिसल्या, म्हणून ऑपरेशन होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. केमो सुरू झाली. मासळीचं काम जावेवर टाकून पुष्पलता प्रत्येक खेपेला त्याच्याबरोबर जाऊ लागली. माफी मागायचं तिच्या ओठांवर यायचं, पण तेवढ्यात त्याला उलटी व्हायची आणि ती भांडं धरायला उठायची.

तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन झाला आणि डॉक्टरांनी पुष्पलतेला एकटीला आत बोलावून निकाल सांगितला. परत येताना रिक्षात एकनाथने विचारलं, "गाठ कमी झाली का?"

खोटं बोलावंसं तिला फार वाटलं. "नाय," ती म्हणाली, "पन वाढली पन नाय."

 एकनाथने डोळे मिटून डोकं तिच्या खांद्यावर टेकवलं. त्याचं वजन किती उतरलंय, ते तिला तेव्हा कळलं.