बाबांचं 'गिव्ह अप'

दहावीच्या सहामाहीत मी इंग्रजीत आपटलो आणि मला शिकवायचं बाबांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. ते खापरखेड्याच्या वीज केंद्रात कारकून. साहेबाचे मसुदे टाइप करून करून आपली इंग्रजी साहेबापेक्षा बरी झाली, असं त्यांचं ठाम मत. रोज संध्याकाळी 'गिव्ह अप'. सवय सोडणे, हार मानणे, जागा दुसऱ्याला देणे, पोलिसांच्या स्वाधीन होणे. "लक्ष दे गा! ही गेव्ह अप स्मोकिंग. त्यानं बिडी सोडली," असं सांगायचे आणि उठून खिडकीतून तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पिचकारी मारून यायचे. मी ढ होतो, पण आंधळा नव्हतो.

दिवाळीनंतर आईबाबा काशीला जाऊन आले. काशीला आवडती वस्तू सोडून यायची ही रीत. आमच्या घराण्यात ती नावडतीवर भागवतात. बाबांनी कारलं सोडलं. जन्मात कधी तोंडाला लावलं नव्हतं. आईनं मात्र चहा सोडला.

"कायमचा?" मी विचारलं.

"तुह्या बाबांचा खर्रा सुटेपर्यंत."

"आता माह्यावर काहून?" बाबा उखडले.

"पोराले रोज सांगता, सोडली, सोडली. कोणी सोडली जी? मले तर दिसून नाही राहिला!"

झालं. आई चहावर जगणारी बाई. चहावाचून डोकं दुखून कपाळावर सुंठेचा लेप, वरणात मीठ दोनदा, आणि बोलणी खायला मी. शेवटी वैतागून बाबांनी पुडी चुलीत टाकली. "घे वं! सोडला!"

त्या संध्याकाळी आईनं आलं ठेचून चहा केला. बशीत ओतून फुंकर घालत बसली. घरात इतक्या दिवसांनी शांतता. मला अभ्यासाचा उमाळा आला.

"बाबा, पोलिसांच्या स्वाधीन होणे, याचं वाक्य सांगा ना."

एका शब्दावर अर्धा तास बोलणारे बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "हं."

"अन् जागा देणे?"

"हंऽ."

आईची फुंकर थांबली. तिनं बाबांच्या गालाकडे पाहिलं. मग बशीतला चहा कपात, कपातला गंजात ओतला आणि वर झाकण ठेवलं.

"तोंड उघडा जी."

बाबा खिडकीकडे गेले. पिचकारीचा आवाज आला. परत येऊन, मोकळ्या तोंडानं, माझ्या नजरेला नजर न देता म्हणाले, "लिही. द थीफ गेव्ह हिमसेल्फ अप."

आई सुंठ उगाळायला उठली.